आखडलेला खांदा आणि जीपीचा रिफरल: इंग्लंडमधल्या दवाखान्यातून काय मिळतं, कसं मिळतं

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाची जीपीबद्दल, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरबद्दल, पहिली तक्रार ठरलेली असते: डॉक्टर भेटतच नाही. पुण्या-मुंबईत खांदा दुखला की ओळखीच्या ऑर्थोपेडिककडे संध्याकाळी नंबर लावायचा, त्याने सांगितलेला एमआरआय दुसऱ्या दिवशी काढायचा, अशी सवय झालेली असते. इथे तसं होत नाही. तज्ज्ञाकडे जायची वाट जीपीच्या दवाखान्यातून जाते; तिथून पुढे पाठवलं की त्याला रिफरल म्हणतात. मात्र त्या दवाखान्यात डॉक्टरशिवाय बरेच लोक बसतात आणि बऱ्याच कामांसाठी डॉक्टरची गरजच पडत नाही. फेब्रुवारी ते नोव्हेंबर 2025 या काळात माझ्या डाव्या खांद्याच्या निमित्ताने यातल्या बहुतेकांशी संबंध आला. त्याचा हा क्रमवार हिशोब. यातले नियम आणि दर इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनला पैसे पडत नाहीत आणि रिफरलची पद्धतही वेगळी आहे.

आधी नोंदणी. ज्यांची अजून झालेली नाही त्यांनी आजारी पडायची वाट पाहू नये. फॉर्मचं नाव जीएमएस1. आता बहुतेक ठिकाणी तो ऑनलाइन भरता येतो. पासपोर्ट, व्हिसा किंवा पत्त्याचा पुरावा दिलाच पाहिजे असा नियम नाही. रिसेप्शनवर मागतात आणि असेल तर द्यावा, पण नसेल म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. नोंदणी झाली की एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य सेवेचा, दहा आकडी नंबर मिळतो. तो हाताशी आला की लगेच एनएचएस ॲप सुरू करून घ्यावं. पुढचं सगळं त्या ॲपमध्ये दिसतं.

फेब्रुवारीत फोनऐवजी दवाखान्याचा ऑनलाइन फॉर्म भरला. सकाळी आठला फोनवर जी झुंबड उडते तिच्यात तातडीच्या लोकांनीच पडावं. तेव्हा आमच्या दवाखान्याचा फॉर्म दुपारपर्यंत बंद होऊन जायचा. 1 ऑक्टोबर 2025 पासून तातडीच्या नसलेल्या तक्रारींसाठी तो सकाळी 8 ते संध्याकाळी 6:30 चालू ठेवणं दवाखान्यांना बंधनकारक झालं आहे, त्यामुळे आता ही अडचण कमी व्हायला हवी.

फॉर्ममध्ये काय लिहितो यावर पुढची दिशा ठरते. नुसतं 'खांदा दुखतो' लिहिलं तर पॅरासिटामोल घ्या असं उत्तर येतं. कोणता खांदा, कधीपासून, पडल्या-आपटल्यामुळे का आपोआप, रात्री त्या कुशीवर झोपता येतं का, आणि मुख्य म्हणजे रोजचं कोणतं काम अडलं आहे, हे लिहावं. मी लिहिलं ते असं: तीन महिन्यांपासून, मार लागलेला नाही, ब्लाउजचा मागचा हूक लावता येत नाही, कोटाच्या बाहीत हात जात नाही, रात्री दुखण्याने जाग येते, पॅरासिटामोल आणि आयबुप्रोफेन घेऊन फरक नाही. 'काय हवं आहे' या रकान्यात 'तपासणी' एवढंच लिहिलं. तिथे एमआरआय मागण्यात अर्थ नाही. ते ठरवण्याआधी कोणीतरी खांदा हलवून बघणारच असतं. एक गोष्ट मात्र फॉर्मवर सोपवू नये: डाव्या खांद्याचं दुखणं चालताना किंवा जिना चढताना वाढत असेल, बरोबर छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, तर सरळ 999 या आपत्कालीन नंबरला फोन.

दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरून फोन आला: जीपी नाही, पण फर्स्ट काँटॅक्ट फिजिओची (जीपीच्या आधी थेट तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टची) वेळ पुढच्या आठवड्यात देऊ का? आपले बरेच लोक इथे अडून बसतात, 'मला डॉक्टरच हवा'. हाड, सांधे, पाठ, मान यांसाठी हा फिजिओ जीपीपेक्षा बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. जीपीची वेळ साधारण दहा मिनिटांची, याची वीस. तो आसपासच्या काही दवाखान्यांनी मिळून नेमलेला असतो, प्रत्येक ठिकाणी ठरावीक वारी येतो, आणि बहुतेक भागांत एक्स-रे, रक्ततपासणी आणि पुढचा रिफरल हे तिन्ही स्वतः लिहू शकतो. जुलै 2022 पासून फिजिओ, नर्स, फार्मसिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांना फिट नोट (नोकरीत द्यायचं आजारपणाचं प्रमाणपत्र) देण्याचाही अधिकार आहे. आजारपणाचे पहिले सात दिवस स्वतःच लिहून द्यायचे असतात, त्यासाठी दवाखान्यात जायचं कारण नाही. फिट नोट लागते ती त्यानंतर.

तपासणीला जाताना सैल बाहीचा किंवा बिनबाह्यांचा टॉप घालून जावं. फिजिओने कोपर बरगडीला चिकटवून ठेवायला सांगितलं आणि हाताचा पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायला लावला. उजवा हात दाराच्या बिजागरीसारखा सहज उघडला, डावा जेमतेम सरळ समोरपर्यंत आला. मग माझा हात ढिला ठेवून त्याने स्वतः फिरवून पाहिला. तो तिथेच अडला. निदान याच ठिकाणी होतं. स्वतःला हलवता येत नाही पण दुसऱ्याने हलवला तर हलतो, तेव्हा संशय स्नायूंवर किंवा त्यांच्या टेंडनवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर) जातो. दुसऱ्याने हलवूनही अडतो आणि एक्स-रे मध्ये सांधा झिजलेला नसतो, तेव्हा तो फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा. म्हणून एक्स-रे फक्त झीज नाही ना हे बघायला. एमआरआय सहसा लागत नाही.

त्याने पुढे विचारलं, घरात कोणाला मधुमेह? तुम्हाला थायरॉइड? फ्रोझन शोल्डर चाळिशी ते साठीत, बायकांत जास्त, आणि मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असलेल्यांत आणखी जास्त दिसतो. त्यामुळे खांद्यासाठी गेलेली मी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि थायरॉइडच्या तपासण्या लिहून घेऊन बाहेर पडले. घरातला मधुमेह, स्वतःचं थायरॉइड हे फॉर्मवर आधीच लिहिलेलं असलं तर चांगलंच. मधुमेहाचा धोका बघताना दक्षिण आशियाई लोकांसाठी इथले वजनाचे निकष वेगळे आहेत: बीएमआय 23 पासून वजन जास्त आणि 27.5 पासून लठ्ठपणा धरतात, बाकीच्यांसाठी हेच आकडे 25 आणि 30 आहेत.

रक्त काही दवाखान्यांत तिथेच काढतात, काही ठिकाणी हॉस्पिटलच्या केंद्रावर ऑनलाइन वेळ घेऊन जावं लागतं. आमच्याकडे दुसरी पद्धत. वेळ नऊ दिवसांनंतरची मिळाली. एचबीए1सीला उपाशी राहावं लागत नाही. निकाल तीन-चार दिवसांत ॲपमध्ये आला. इथे आपल्याकडच्या लोकांचा हमखास गोंधळ होतो, कारण भारतातल्या लॅब टक्क्यांत आकडा देतात आणि इथे तो मिलिमोलमध्ये येतो. 42 म्हणजे 6.0 टक्के, 48 म्हणजे 6.5 टक्के. 48 आणि वर मधुमेह, 42 ते 47 त्याच्या उंबरठ्यावर. माझा 44, म्हणजे साधारण 6.2. थायरॉइड ठीक.

ॲपमधल्या निकालाखाली डॉक्टरचा एका ओळीचा शेरा असतो, तो वाचावा. 'नो फर्दर ॲक्शन' असा शेरा आला तर कोणी फोन करणार नाही. माझ्या निकालाखाली 'नर्सशी वेळ घ्या' होतं, पण ती वेळ घ्यायची मलाच होती, दवाखान्याकडून मेसेज आला नाही. इथली सगळी यंत्रणा अशीच चालते: निरोप ठेवलेला असतो, हाक कोणी मारत नाही.

मार्चच्या मध्याला नर्सने रक्तदाब, वजन आणि कंबर मोजली आणि मधुमेह टाळण्याच्या कार्यक्रमाला रिफरल दिला. 'हेल्दियर यू' नावाचा हा एनएचएसचा कार्यक्रम नऊ महिन्यांचा आणि मोफत आहे. गटात बसून किंवा ॲपवर, यातलं एक निवडायचं. काम करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे आणि शनिवारचे गटही असतात. मी गट निवडला. प्रशिक्षक चांगली होती, पण तिच्या पत्रकात सगळं ब्रेड, बटाटा आणि पास्ता यांच्या हिशोबाने लिहिलेलं. आपलं ताट आपणच मांडून विचारावं लागतं. वरण-भात, दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वर साबुदाण्याची पापडी अशा ताटात किती पदार्थ पिष्टमय आहेत हे तिला दाखवलं, तेव्हा सल्ला नेमका आला: भात किंवा पोळी, दोन्ही नाही, उसळ दुप्पट, उपासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च. शेवटचं सासूबाईंना कसं सांगायचं हे कार्यक्रमात शिकवत नाहीत.

दरम्यान औषध. फिजिओच्या शिफारशीवरून दवाखान्यातल्या क्लिनिकल फार्मसिस्टचा फोन आला. हासुद्धा दवाखान्याचाच माणूस, बाहेरच्या केमिस्टचा नव्हे. त्याने दुखण्यावर नेप्रोक्सेन (आयबुप्रोफेनच्याच जातीचं) आणि पोट सांभाळायला ओमेप्राझोल लिहून दिलं. भारतातून आणलेल्या गोळ्यांबद्दल त्याने विचारलं आणि हा प्रश्न सगळ्यांनी मनावर घ्यावा. कॉम्बिफ्लॅम हे नाव त्याच्या यादीत सापडणार नाही. त्यात आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामोल 325 मिलिग्रॅम आहे. नेप्रोक्सेनबरोबर ती घेतली तर एकाच जातीची दोन औषधं पोटात जातात आणि पॅरासिटामोलचाही हिशोब चुकतो. त्यामुळे फोनच्या वेळी गोळ्यांची पाकिटं समोर ठेवावीत आणि ब्रँड न सांगता आतल्या औषधाचं नाव वाचून दाखवावं.

प्रिस्क्रिप्शन ऑनलाइन थेट आपण निवडलेल्या केमिस्टकडे जातं. 2025 चा दर एका औषधाला 9.90 पौंड, म्हणजे माझ्या दोन औषधांचे 19.80. महिन्याला औषधं लागणार असतील तर प्रीपेमेंट सर्टिफिकेट (एकदाच आगाऊ पैसे भरायचे, मग प्रत्येक औषधाला वेगळे नाहीत) घ्यावं: तीन महिन्यांचं 32.05, वर्षाचं 114.50 पौंड. तीन महिन्यांत चार औषधं किंवा वर्षात बारा झाली की ते वसूल होतं. पैसे भरून बसण्याआधी सूट मिळते का ते बघावं. साठीच्या पुढच्यांना प्रिस्क्रिप्शन मोफत. गरोदरपणात आणि त्यानंतर वर्षभर मोफत. आणि आपल्या बायकांपैकी कितीतरी जणींना माहीत नसलेली गोष्ट: थायरॉइड कमी आहे आणि थायरॉक्सिनची गोळी रोज चालू आहे, तर एफपी92ए हा फॉर्म दवाखान्यातून भरून घेऊन पाच वर्षांचं सूटपत्र मिळतं. ते फक्त थायरॉक्सिनला लागू नाही, त्या काळातली सगळीच प्रिस्क्रिप्शनं मोफत होतात. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनाही तेच. कार्ड हातात येण्याआधी 'मला सूट आहे' असं केमिस्टकडे सांगू नये, पडताळणीत सापडलं तर दंडाचं पत्र येतं.

खांदा मात्र सहा आठवडे व्यायाम करूनही तिथेच. पुढे वाकून हात लोंबता सोडून झुलवणं, भिंतीवर बोटं चढवणं, काठी धरून हात बाहेर फिरवणं, हे सगळं नेमाने झालं. एप्रिलच्या शेवटी फिजिओने पुन्हा मोजलं आणि एमएसके (हाडं, सांधे आणि स्नायूंच्या) सेवेकडे रिफरल लिहिला. आमच्या भागात खांदा, गुडघा, कंबर यांचे रिफरल थेट हॉस्पिटलच्या सर्जनकडे जात नाहीत; आधी या मधल्या सेवेतले वरिष्ठ फिजिओ ते चाळतात आणि इंजेक्शन देण्यापर्यंतचं बरंचसं काम तेच करतात.

रिफरल म्हणजे एक पत्र असतं. त्यात काय लिहिलंय ते विचारायला संकोच करू नये. किती महिने झाले, काय उपचार केले, हात किती अंशांत फिरतो, झोप आणि काम यांवर काय परिणाम, एक्स-रेचा निष्कर्ष, एचबीए1सीचा आकडा, एवढं असेल तर चाळणीत अडकत नाही. माझ्या पत्रात एक्स-रेचा रिपोर्ट जोडायचा राहिला होता. नियमाप्रमाणे ते 'माहिती अपुरी' म्हणून दवाखान्याकडे परत आलं आणि तिथे कोणाच्या तरी यादीत पडून राहिलं. मला काहीच कळवलं गेलं नाही. मेच्या अखेरीपर्यंत ॲपमध्ये रिफरल दिसेना, तेव्हा दवाखान्याला फोन केला. अशा वेळी रिसेप्शनला 'माझ्या रिफरलचं काय झालं' असं मोघम विचारलं की 'हॉस्पिटल कळवेल' हे उत्तर मिळतं. मागायचं ते सेक्रेटरीला. बहुतेक दवाखान्यांत रिफरलची पत्रं पाहणारी मेडिकल सेक्रेटरी असते. तिला तीन प्रश्न विचारावेत: पत्र कोणत्या तारखेला गेलं, कोणत्या सेवेकडे गेलं, आणि परत आलंय का. तिने दहा मिनिटांत शोधून रिपोर्ट जोडून त्याच दिवशी पुन्हा पाठवलं. दोन आठवड्यांत ॲपमध्ये रिफरल दिसला नाही तर हा फोन करायचा, असं माझ्या ओळखीत सगळ्यांना सांगते.

जूनमध्ये पत्र आलं: बारा आकडी बुकिंग नंबर, एक पासवर्ड आणि क्लिनिकची यादी. नंबर आणि पासवर्ड ॲपमध्ये किंवा रिफरलच्या संकेतस्थळावर टाकून वेळ स्वतः निवडायची असते. पत्र आल्यावर आपोआप वेळ मिळते असं समजून बरेच जण ते ड्रॉवरमध्ये ठेवतात. यादीत प्रत्येक ठिकाणाच्या प्रतीक्षेचा अंदाज दिसतो. घराजवळच्या क्लिनिकला नोव्हेंबर, गाडीने चाळीस मिनिटांवरच्या ठिकाणी सप्टेंबर. मी लांबचं घेतलं. इंग्लंडमध्ये तज्ज्ञाच्या पहिल्या भेटीसाठी हॉस्पिटल निवडण्याचा हक्क असतो आणि जीपी रिफरल लिहित असतानाच तो वापरता येतो; नंतर बदलणं जमतं, पण रांगेतली जागा जाऊ शकते. रिफरलपासून 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं राष्ट्रीय उद्दिष्ट आहे, मात्र 2016 नंतर ते देशपातळीवर गाठलं गेलेलं नाही. कॅन्सरच्या संशयाचे रिफरल या रांगेत उभे राहत नाहीत. त्यांची 28 दिवसांत निदान सांगण्याची वेगळी वाट आहे. तसं पत्र आलं तर प्रवास पुढे ढकलावा आणि दिलेली वेळ घ्यावी.

वाट पाहण्याच्या काळात नोकरीतल्या काही जणी खासगीत जातात. खासगी विम्यातून जायचं तरी बहुतेक कंपन्या जीपीचं पत्र मागतातच, आणि विम्याचा फॉर्म भरून द्यायला दवाखाना पैसे घेऊ शकतो. दरपत्रक रिसेप्शनला मागावं. दोन रांगांत एकाच वेळी उभं राहता येतं, एनएचएसचा रिफरल त्यामुळे रद्द होत नाही.

याच उन्हाळ्यात घरातल्या बाकीच्या तक्रारींसाठी दवाखान्याची पायरीही चढावी लागली नाही. जानेवारी 2024 पासून केमिस्टकडेच सात दुखण्यांवर तपासणी होऊन गरज असेल तर अँटिबायोटिकही मिळतं: घसा, सायनस, मुलांची कानदुखी, किडा चावून झालेला संसर्ग, इम्पेटायगो (त्वचेचा संसर्ग), नागीण, आणि 16 ते 64 वयाच्या बायकांची लघवीची जळजळ. चाळिशीच्या पुढे रक्तदाबही तिथे फुकट मोजून देतात. मानसिक ताण, चिंता, नैराश्य यांसाठीच्या टॉकिंग थेरपीजना आणि गरोदरपणात मिडवाइफकडे स्वतःच नाव नोंदवता येतं. 40 ते 74 वयात, आधीचा मोठा आजार नसेल तर, पाच वर्षांतून एकदा आरोग्य तपासणी मोफत असते. बोलावणं आलं नाही तर मागून घ्यावी. भारतात जायच्या आधी हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडच्या लसी जीपीकडे फुकट मिळतात, पण सहा-आठ आठवडे आधी विचारावं लागतं. रेबीज आणि जपानी मेंदूज्वराच्या लसींना सहसा पैसे पडतात.

आईवडील भेटीच्या व्हिसावर आले असतील तर जीपीला दाखवणं त्यांनाही मोफत आहे, तात्पुरती नोंदणी मागावी. मात्र तिथून हॉस्पिटलकडे रिफरल झाला की बिल लागतं, आणि ते एनएचएसच्या दराच्या दीडपट असतं. प्रवास विमा त्यासाठी. त्यांना इंग्रजी जड जात असेल तर वेळ घेतानाच मराठी दुभाष्या मागावा, त्याला पैसे पडत नाहीत. आणि दुप्पट वेळ मागावी, कारण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं.

सप्टेंबरमध्ये एमएसके क्लिनिकमध्ये पुन्हा तीच कोपर बरगडीला लावून परीक्षा झाली आणि त्याच भेटीत सोनोग्राफीखाली इंजेक्शन मिळालं: स्टेरॉइड, भूल आणि सांध्याचं आवरण ताणायला सलाइन. आधी संमतीपत्रावर मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधं आणि चालू संसर्ग यांबद्दल विचारतात. स्टेरॉइडने काही दिवस साखर वाढते, त्यामुळे 44 हा आकडा तिथे स्वतःहून सांगितला. त्या दिवशी गाडी चालवू नका म्हणतात, तर कोणाला तरी बरोबर न्यावं. खरा उपयोग इंजेक्शननंतरच्या आठवड्यांत होतो: दुखणं कमी असताना व्यायाम वाढवले तर सांधा सुटतो, नुसतं इंजेक्शन घेऊन बसलं तर थोड्याच दिवसांत पुन्हा आखडतो.

नोव्हेंबरला हात बाहेर फिरायला लागला, मागे अजून पूर्ण जात नाही. क्लिनिकने नाव 'पेशंटने कळवल्यास भेट' या प्रकारात टाकलं. म्हणजे सहा महिन्यांत त्रास वाढला तर मी फोन करायचा आणि नव्या रिफरलशिवाय वेळ मिळते. नाही केला तर फाइल बंद होते आणि पुन्हा फिजिओपासून सुरुवात. ती तारीख पत्रात शेवटच्या परिच्छेदात बारीक अक्षरात असते.

त्याच पत्रात आणखी एक ओळ होती: 'जीपीने तीन महिन्यांनी एचबीए1सी पुन्हा करावा.' हॉस्पिटल असं लिहून मोकळं होतं, आणि दवाखान्यात ती ओळ कोणी वाचून तपासणी लावेलच असं नाही. पत्र ॲपमध्ये आल्या दिवशी ऑनलाइन फॉर्ममध्ये तीच ओळ जशीच्या तशी उतरवून पाठवली. रक्ताची वेळ डिसेंबरमधली मिळाली.